लंडन ते ब्रायटन: शंभरी ओलांडलेल्या गाड्यांच्या मागोमाग

शुक्रवार

लंडन-ब्रायटन व्हेटरन कार रन, म्हणजे जुन्या मोटारींची दरवर्षीची फेरी. तिच्यात गाडी उतरवायची तर तिच्या वयाचा पुरावा लागतो. १ जानेवारी १९०५ च्या आधी तयार झालेलीच गाडी चालते. त्यानंतरची कितीही देखणी असो, कितीही दुर्मीळ असो, तिने रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. व्हेटरन कार क्लबची जाणकार मंडळी इंजिनाचा नंबर, सांगाडा, जुने कॅटलॉग असं सगळं ताडून पाहतात आणि मगच गाडीचं साल ठरवून देतात. साहजिकच एकाच कारखान्यातून काही आठवड्यांच्या अंतराने निघालेल्या दोन गाड्यांपैकी १९०४ ची असेल तिला बाजारात वेगळाच भाव मिळतो.

रन असते नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मी शुक्रवारी संध्याकाळी क्रॉयडनला मावसभावाकडे पोचलो. त्याला घरात सगळे दादाच म्हणतात. दादाची सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपात गेली, त्यामुळे या वारीला त्याच्याइतका योग्य सोबती मिळणं अवघड. जेवताना त्याने बेत सांगून टाकला. "गाड्यांच्या मागे मागे फिरलास तर त्यांची पाठच दिसेल तुला. सकाळी हाइड पार्कला सुटताना बघायच्या, मग रेल्वेने पुढं जाऊन वाटेत गाठायच्या, आणि शेवटी ब्रायटन."

या रनचा जन्म एका कायद्यातून झाला. १८६५ च्या कायद्याने यंत्राने चालणाऱ्या वाहनाला गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल एवढीच मुभा होती, आणि पुढे ६० यार्डांवर लाल बावटा घेऊन एक माणूस चालवावा लागे. १८७८ मध्ये बावट्याची सक्ती गेली, पण पुढे चालणारा माणूस काही सुटला नाही. तो सुटला १८९६ मध्ये. नवा कायदा १४ नोव्हेंबर १८९६ ला अमलात आला, हलक्या मोटारींना ताशी १४ मैलांची परवानगी मिळाली (सरकारी मंडळाने ती लगेच १२ वर आणली, हा भाग वेगळा), आणि त्याच दिवशी सकाळी लंडनच्या मेट्रोपोल हॉटेलात न्याहारी करून, लाल बावटा समारंभाने फाडून, मोटारवाले ब्रायटनकडे निघाले.

बावटा फाडला अर्ल ऑफ विंचिल्सी यांनी. सगळा घाट घातला होता हॅरी लॉसन याने. हा लॉसन म्हणजे मोटारींची पेटंटं विकत घेऊन ठेवायची, कंपन्या काढायच्या आणि शेअर खपवायचे असल्या उलाढालींतला माणूस. पुढे फसवणुकीच्या खटल्यात तो तुरुंगातही गेला.

"म्हणजे जाहिरातच की रे ही," दादा म्हणाला. "आणि बावटाही अठरा वर्षांपूर्वीच रद्द झालेला!"

होतीच जाहिरात. त्या दिवसाची एक दंतकथाही सांगतात: एक विजेची गाडी म्हणे रेल्वेत घालून ब्रायटनला नेली, आणि लांबून आल्यासारखी दिसावी म्हणून तिला चिखल फासून शेवटच्या रेषेवर आणून उभी केली. खरंखोटं देव जाणे, पण मला ही कथा बावट्यापेक्षा जास्त आवडते.

शनिवार

आदल्या दिवशी पॉल मॉलवर यातल्या बऱ्याच गाड्या प्रदर्शनाला मांडतात. रॉयल ऑटोमोबाइल क्लबची भारदस्त इमारत याच रस्त्यावर आहे. १९२७ मध्ये ही रन पुन्हा सुरू झाली आणि १९३० पासून तिची व्यवस्था हा क्लब बघतो. शनिवारी रस्ता वाहतुकीला बंद होता, तिकीटबिकीट काही नव्हतं, आणि पितळ इतकं घासलेलं की दिव्यांच्या पाठीत आपलाच वाकडातिकडा चेहरा दिसत होता.

खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास मी थोडा खट्टू होतो. उभ्या गाड्या, दोऱ्या, पाट्या, फोटो काढणाऱ्यांची रीघ. मग दादाने सवयीप्रमाणे खाली वाकून बघायला सुरुवात केली आणि दिवस पालटला.

खालून पाहिलं की कळतं, १९०४ पर्यंत मोटार कशी असावी यावर कुणाचं एकमतच नव्हतं. इंजिन कुठे असावं? आम्ही सीटखाली पाहिलं, मागे पाहिलं, पुढे पाहिलं. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि ताकद मागच्या चाकांना, ही मांडणी पानार-लव्हासोर या फ्रेंच कंपनीने १८९१ च्या सुमारास रूढ केली. ती पुढे जगभर झाली, पण तेव्हा ती अनेकांतली एक होती. वळवायचं कशाने? काहींना चाक होतं, तर कर्व्हड डॅश ओल्डस्मोबाइलसारख्यांना नुसता एक वाकडा दांडा. चढायचं कुठून? कित्येक चारआसनी गाड्यांना मागच्या बैठकीचा दरवाजा पाठीमागेच होता. सांगाडा इतका आखूड की बाजूला मागचं चाक आणि त्याला फिरवणारी साखळी यांच्यामधून पाऊल टाकायला जागाच नव्हती. म्हणजे उतरताना बाईसाहेब थेट रस्त्याच्या मधोमध, चिखलात.

आणि चालवायचं कशावर, तेही ठरलेलं नव्हतं. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि पेट्रोलच्या फक्त ९३६ होत्या. आज आपण विजेच्या गाडीकडे नवलाने बघतो. पॉल मॉलवर एक शांतपणे उभी होती, बॅटऱ्यांच्या वजनाने स्प्रिंगा दबलेल्या, आणि तिच्याभोवती गर्दी सगळ्यांत कमी! बघायला पितळ नाही, नळ्या नाहीत, ठिबकणारं काही नाही.

ठिबकण्याचं म्हणाल तर एका फ्रेंच गाडीपाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. तिच्या डॅशबोर्डावर वेगदर्शक काटा नव्हता, पेट्रोलचा नव्हता, काहीच नव्हतं. होती फक्त काचेच्या छोट्या नळकांड्यांची एक रांग, प्रत्येकीवर चावीएवढा पितळी स्क्रू. तेलाचा थेंब नळकांड्यातून पडताना दिसतो. एक नळी सिलिंडरला, एक मुख्य बेअरिंगला, असं वाटप. चालवणाऱ्याने अधूनमधून नजर टाकून थेंब मोजायचे, चढ लागला की स्क्रू किंचित सैल करायचा, उतारावर आवळायचा. तेल परत टाकीत येत नाही. जे जातं ते जळून धूर होतं, नाहीतर रस्त्यावर सांडतं.

मालकीणबाई सत्तरीच्या असतील. दादाने इंग्रजीत विचारलं, थेंब किती सोडता? त्यांनी बोटाने काच पुसली आणि म्हणाल्या, मागे वळून बघायचं, निळसर धूर दिसत असला की ठीक.

"आमच्याकडे निळा धूर दिसला की बस वर्कशॉपात यायची," दादा मला मराठीत म्हणाला, "आणि यांच्याकडे धूर दिसला नाही तर काळजी."

ब्रेकच्या बाबतीत मात्र तो गप्प झाला. पुढच्या चाकांना ब्रेक एकाही गाडीला नाही. मागे ड्रमवर आवळणारा पट्टा, कुठे गिअरबॉक्सच्या दांड्यावर आणखी एक. हे पट्टे बऱ्याचदा गाडी पुढे जाताना धरतात, मागे घरंगळायला लागली की सुटतात. त्यावर उपाय म्हणून काही गाड्यांच्या पोटाखाली एक टोकदार लोखंडी दांडा दोरीने टांगलेला असतो. चढ लागला की तो खाली सोडायचा. गाडी मागे आली तर तो रस्त्यात रुततो आणि गाडी अडते. निदान अडावी अशी अपेक्षा असते.

संध्याकाळी लवकर परतलो. पहाटे उठायचं होतं.

रविवार

हाइड पार्कात पोचलो तेव्हा अंधार होता आणि सर्पेंटाइन तळ्याकाठच्या रस्त्यावर चारशेच्या आसपास गाड्या रांगेत लागत होत्या. वास आधी आला. पेट्रोल, जळकं तेल, ओलं गवत, आणि एका बाजूने चक्क कोळशाचा धूर. आवाज तर विचारूच नका. एका सिलिंडरच्या गाडीचे ठोके सुटे सुटे मोजता येतात, आणि अशा पन्नास गाड्या शेजारी शेजारी उभ्या असल्या की कुणाचा ठोका कुठला ते कळत नाही.

आमच्या समोरच एक जोडपं त्यांची द दिओं-बुतों चालू करायच्या खटपटीत होतं. १९०० च्या सुमारास ही फ्रेंच कंपनी मोटारींच्या धंद्यात जगात आघाडीवर होती, आणि दुसऱ्या कितीतरी कारखान्यांच्या गाड्यांतही तिचीच इंजिनं बसत. गाडी चालू करणं म्हणजे किल्ली फिरवणं नव्हे. इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलवर आणला, तोवर हँडलच मारायचं. आधी पेट्रोलचा कॉक उघडला. मग बाईंनी कार्बोरेटर बोटाने दाबून थोडा भरू दिला, तसे खाली दोन थेंब पडले. मग ठिणगीची वेळ ठरवणारा दांडा मागे घेतला. हे विसरलं तर ठिणगी आधी पडते, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल मनगटावर बसतं. त्या काळी मनगट मोडायचं हे नेहमीचं कारण होतं. म्हणून हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवतात, मूठ पुरी वळत नाहीत. गृहस्थांनी तसंच धरलं, खालून वर एक जोराचा हिसका दिला. काही नाही. दुसरा. नुसता फुसकारा. तिसऱ्या हिसक्याला एक ठोका, मोठा विराम, मग दुसरा ठोका, आणि मग सगळी गाडी दिव्यांसकट, सीटसकट, बसलेल्या बाईंच्या टोपीच्या पिसासकट थरथरायला लागली. त्यांनी दांडा पुढे सारला, ठोके जवळ जवळ आले. आजूबाजूच्यांनी टाळ्या दिल्या.

सातच्या सुमारास, सूर्य उगवताना, लाल बावटा फाडला गेला आणि सगळ्यांत जुन्या गाड्या आधी सुटल्या. कोळशाचा धूर कुणाचा होता ते आता कळलं: १८९६ ची साल्वेसन नावाची वाफेची गाडी, मागे उभा राहून फावड्याने कोळसा टाकणारा माणूस, काळवंडलेले हात, आणि चेहऱ्यावर इतका आनंद की त्याच्याकडे बघूनच ऊब आली. पाठोपाठ इतर. काच कुणाला नाही, छप्पर बहुतेकांना नाही. घोंगड्या, चामड्याचे कोट, डोळ्यांना गॉगल. एका गाडीत मागे दोन शाळकरी मुलं छत्री उघडून बसली होती, आणि पावसाला अजून सुरुवातही झाली नव्हती.

ही शर्यत नाही. सरासरी ताशी २० मैलांपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही असा नियमच आहे, आणि कोण कितव्या नंबरावर आलं याची यादी कुणी काढत नाही. अंतर साधारण ६० मैल. साडेचारच्या आत ब्रायटनला पोचलं की पदक.

शेवटच्या गाड्या वेलिंग्टन कमानीकडे वळल्या तसे आम्ही व्हिक्टोरिया स्टेशनाकडे पाय उचलले. रेल्वेने हेवर्ड्स हीथ, तिथून दोनेक मैल चालत कक्फील्ड. ससेक्समधलं जुनं गाव, अरुंद हाय स्ट्रीट, चढ-उताराचा रस्ता. लोक खुर्च्या टाकून, थर्मास घेऊन बसले होते. वाफेच्या गाड्यांसाठी कुणीतरी बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यातली एक लोकोमोबाइल आली, आवाज जवळजवळ नाहीच, फक्त सुस्कारा. सीटखाली बर्नर, त्यावर बॉयलर, आणि पाणी इतकं पिणार की वीसेक मैलांवर थांबणं आलंच. मुंबईत जन्मलेला रड्यर्ड किपलिंग याच ससेक्समध्ये राहायचा आणि त्याच्याकडे अशीच लोकोमोबाइल होती. तिच्यापायी तो चांगलाच वैतागला होता. आज मात्र बादली ओतली, चाक फिरलं, गेली.

आम्ही थांबलो होतो तिथून जरा वर एक लहान दोनआसनी गाडी आचके देत आली आणि कडेला बंद पडली. चालवणारा तिशीतला मुलगा, सोबत बहुतेक वडील. दादाचे कान टवकारले. मुलाने हँडल मारलं, काही नाही. पुन्हा मारलं, काही नाही. दादा तोवर त्यांच्याजवळ जाऊन उभा.

"कॉइल वाजत नाहीये," तो मला म्हणाला. "सकाळी प्रत्येक गाडीत माशी गुणगुणल्यासारखा आवाज येत होता बघ. इथं नाही."

बरोबर होतं. या गाड्यांच्या कॉइलला एक थरथरणारी पत्ती असते. ती सेकंदाला कितीतरी वेळा जोड उघडते-मिटते, म्हणूनच ठिणग्यांची माळ पडते. पत्ती चिकटली की सगळं ठप्प. वडिलांनी लाकडी पेटीचं झाकण काढलं. आत काळी पडलेली दोन टोकं. मुलाने खिशातून नखं घासायची कानस काढली, अगदी साधी, बायकांच्या पर्समध्ये असते तशी, आणि दोन टोकांच्या मधून हलकेच ओढली. दादाने न विचारता मोबाइलचा दिवा धरला. पुन्हा एकदा कानस. मग एका कागदाची पट्टी मधून ओढून कीस साफ केला. झाकण लावायच्या आधीच पेटीतून गुणगुण सुरू झाली आणि दादा असा हसला की जणू गाडी त्याचीच.

वडील-मुलगा निघताना त्याचा हात हातात घेऊन दाबून गेले. हाताला तेल लागलं, ते त्याने दिवसभर धुतलं नाही.

मला विचाराल तर शनिवारचं पॉल मॉल वगळलं तरी चालेल, पण अशा चढावर तासभर थांबायलाच हवं. गाडीतली माणसं उतरून ढकलतात, टोप्या उडतात, रेडिएटरमधून वाफ निघते, मागून येणाऱ्या आजच्या गाड्यांतले लोक हॉर्न न वाजवता थांबतात. शंभर-सव्वाशे वर्षांचं यंत्र काय चीज आहे ते चढावरच कळतं. सपाट रस्त्यावर सगळ्याच शहाण्यासारख्या वागतात.

दुपारी रेल्वेने ब्रायटन. पाऊस आता नीट लागला होता. गाड्या समुद्राकाठच्या मडीरा ड्राइव्हवर येऊन थांबत होत्या: एका बाजूला लोखंडी कमानींची जुनी, गंजलेली गच्ची, दुसऱ्या बाजूला खडी आणि राखाडी लाटा. रस्त्याला समांतर व्होक्स इलेक्ट्रिक रेल्वेचे अरुंद रूळ आहेत. ती १८८३ मध्ये सुरू झाली, म्हणजे या सगळ्या मोटारींच्या आधी, आणि अजून चालू असलेली जगातली सर्वांत जुनी विजेची रेल्वे म्हणून तिची नोंद आहे. कालची ती शांत विजेची गाडी मला इथे बघायची होती, पण गर्दीत सापडली नाही.

तिथे सगळे ओलेचिंब आणि सगळे बोलत सुटलेले. कुणाची साखळी तुटली, कुणी क्रॉली येईपर्यंत तीनदा टायर बदलला, कुणी डोंगराखालच्या क्लेटनच्या चढावर बायको-मुलांना पायी पाठवलं. सकाळच्या द दिओं-बुतोंवाल्या बाई दिसल्या, टोपीचं पीस पार लोळागोळा झालेलं. आमची दुरुस्त झालेली दोनआसनी चारच्या आधीच आली. दादाने लांबून हात केला, पण त्या दोघांना पत्ताच नव्हता, ते पदकाच्या रांगेत होते.

साडेचारला वेळ संपली. त्यानंतरही पाचदहा मिनिटांनी एक गाडी आली, समोरचा एक दिवा चालू, एक बंद, चाकाशी बसलेले आजोबा भिजून लाल झालेले. पदक नाही. टाळ्या मात्र दिवसभरात सर्वांत जास्त त्यांना पडल्या, आणि त्यांनीही गाडी थांबवून, उभं राहून, टोपी काढून सगळ्यांना मुजरा केला. मग इंजिन बंद पडलं आणि ते पुन्हा हँडल शोधायला खाली उतरले.

सोमवार

आज ब्रुकलँड्स, म्हणजे मोटारींच्या शर्यतींची जुनी धावपट्टी, दादाच्या हट्टाने. वॉटरलूहून वेब्रिज, तिथून थोडं चालत.

१९०३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये वेगमर्यादा ताशी २० मैल झाली. फ्रान्समध्ये शर्यती होत होत्या आणि इथल्या कारखानदारांना गाडी जोरात पळवून बघायलाही जागा नव्हती. म्हणून ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्या जागेवर, आपल्या पैशाने, खास मोटारींसाठी पावणेतीन मैलांचं काँक्रीटचं वर्तुळ बांधलं. ते १९०७ च्या जूनमध्ये खुलं झालं. कालच्या रनमधली सर्वांत तरुण गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर जेमतेम अडीच वर्षांनी! त्याच महिन्यात सेल्विन एज याने नेपियर गाडीतून इथे चोवीस तासांत १,५८१ मैल कापले, सरासरी ताशी जवळपास ६६ मैल. काल ६० मैलांना माणसांचा अख्खा दिवस गेला होता.

धावपट्टी बरीचशी मोडली आहे, पण वळणावरचा उंच कललेला तुकडा शिल्लक आहे. त्यावर चालायला गेलो तर वरच्या कडेपर्यंत धड पोचता येत नाही, इतका चढ. काँक्रीट जागोजागी खचलेलं, मधून गवत.

आत संग्रहालयात नेपियर-रेल्टन उभी आहे. १९३३ ची, विमानाचं २४ लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन, जॉन कॉब चालवायचा. १९३५ मध्ये त्याने या धावपट्टीवर ताशी १४३.४४ मैलांची फेरी मारली. १९३९ ला धावपट्टी कायमची बंद झाली, त्यामुळे तो विक्रम मोडायला कुणाला संधीच उरली नाही. गाडी आजही चालू स्थितीत ठेवली आहे आणि अधूनमधून बाहेर काढतात.

दादा आधी मागे गेला, मग पुढे आला, मग गुडघ्यावर बसला.

"पुढं ब्रेक नाहीत," तो पुढच्या चाकाकडे बोट दाखवत म्हणाला. "कालच्या गाड्यांसारखंच. फक्त मागे!"

तिथल्या स्वयंसेवकाने ते बोट ओळखलं, हसून मान डोलावली आणि कार्बोरेटरांकडे वळला. तिथून पुढे दोघांचं जे जुळलं त्यात मला काही स्थान उरलं नाही. मी बाहेर जाऊन चहा घेऊन आलो, विमानं बघून आलो, तरी दोघं इंजिनाच्या डाव्या बाजूलाच. संग्रहालय बंद करायची वेळ झाल्याचं सांगायला दुसरा माणूस आला, तेव्हा उजवी बाजू अजून बाकी होती.